दारावरची थाप

उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात खडक सिंग नावाचा माणूस राहत होता. १९४१ साली दरोड्याच्या एका प्रकरणात पोलिसांनी त्याला पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. खटला उभा राहिला नाही, शिक्षेचा प्रश्नच आला नाही. चारचौघांच्या हिशेबाने गोष्ट तिथेच मिटायला हवी होती. पण ठाण्यात त्याच्या नावाचा एक कागद तयार झाला. पोलिसी भाषेत त्याला हिस्ट्रीशीट म्हणतात. माणूस सुटला, तरी कागदाने त्याला सोडलं नाही.

पुढे रात्री-अपरात्री गावचा चौकीदार यायचा, कधी ठाण्याचे शिपाई यायचे. दार ठोठावायचे, हाका मारायचे, त्याला झोपेतून उठवायचे. कधी उठवून थेट ठाण्यावर न्यायचे आणि हजर असल्याचं दाखवायला लावायचे. परगावी जायचं झालं तर आधी चौकीदाराला किंवा ठाण्याला सांगायचं : कुठे चाललो, किती दिवसांनी परतणार. तो निघाला की त्या गावच्या ठाण्याला खबर पोचायची आणि तिथेही पाळत सुरू व्हायची. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, निवडणुका झाल्या. खडक सिंगच्या दारावरची थाप चालूच राहिली. शेवटी त्याने घटनेच्या ३२व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. वरची हकिकत त्याच अर्जातली. सरकारने जाचाचे आरोप नाकारले, पाळत मात्र नाकारली नाही. जे चाललंय ते नियमाप्रमाणे आणि लोकांच्या हितासाठी चाललंय, असं उत्तर आलं.

तो नियम म्हणजे उत्तर प्रदेश पोलिसांच्या नियमावलीतला २३६वा. पाळत म्हणजे काय, हे त्यात (अ) ते (फ) अशा सहा पोटकलमांत मांडलेलं होतं. संशयिताच्या घरावर आणि घराकडे येणाऱ्या वाटांवर गुपचूप पहारा ठेवायचा. रात्री घरी जाऊन तपासायचं. फौजदाराने किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने अधूनमधून चौकशी करायची, की याची गावात पत काय, सवयी काय, ऊठबस कोणाशी, कमाई किती, खर्च किती, धंदा कसला. घरातून बाहेर गेला की शिपायाने, चौकीदाराने कळवायचं. परगावी खरंच गेला का, हे चौकशीच्या चिठ्ठ्या पाठवून पडताळायचं. आणि हे सगळं हिस्ट्रीशीटवर चढवत राहायचं. कुठवर? याला शेवटची ओळ नव्हती.

मागे एका तालुक्याच्या गावी लॉजवर उतरलो होतो. काउंटरवरच्या पोराने लांबट रजिस्टर पुढे सरकवलं. कुठून आला, कुठे जाणार, येण्याचं कारण, किती दिवस मुक्काम. मी न वाचताच भरलं, सही केली, किल्ली घेतली. कारणाच्या रकान्यात वरच्या सात-आठ पाहुण्यांनी नुसतं ‘काम’ लिहिलं होतं. मीही तेच लिहिलं. खडक सिंगचा निकाल वाचताना ते रजिस्टर आठवलं. प्रश्न तेच होते. माझं ‘काम’ कोणी तपासायला आलं नाही, एवढाच फरक. पण सगळा फरक तोच आहे.

हे रकाने आखले कोणी, हे शोधत गेलं की माणूस १८७१ सालात जाऊन पोचतो. त्या वर्षी ऑक्टोबरात इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार. मग गुन्हेगाराचा मुलगा दुसरं काय होणार? जातीव्यवस्थेचं हे साहेबी आकलन थेट कायद्यात उतरलं. स्थानिक सरकारला एखादी जमात गुन्ह्यांच्या नादी लागलेली वाटली की जाहीर करायचं. जाहीर केलं की तोच पुरावा. कोणत्याही कोर्टात त्यावर दाद नाही. मग त्या जमातीच्या माणसांची रजिस्टरं, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही, आणि नजर ठेवायची जबाबदारी गावच्या मुखियापासून जमीनदारापर्यंत सगळ्यांवर. १८९७च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून काढून सुधारगृहांत ठेवायची सोय झाली.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेपुरता होता. १९११ साली तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होऊ शकेल असा नव्याने केला गेला आणि त्यात एक नवी गोष्ट आली : रजिस्टरात नाव असलेल्याच्या बोटांचे ठसे.

ठशांची कथा बंगालची. १८५८ साली जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. उद्या ‘ही सही माझी नाही’ म्हणाला तर? त्याला धाक बसावा, एवढाच हेतू. चाळीस वर्षांनी, १८९७ मध्ये, कलकत्त्यात ठशांचा पोलिसी विभाग निघाला. लाखो ठशांतून नेमका एक हुडकायचा कसा, याची वर्गवारी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी बसवली. पद्धतीला नाव लागलं त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. १९०१ साली तीच पद्धत स्कॉटलंड यार्डात गेली. आपल्याकडून विलायतेला मसाले, कापूस, नीळ गेली हे शाळेत शिकवतात. हे शिकवत नाहीत.

मुंबई इलाख्यात या कायद्याच्या जाळ्यात पारधी, कैकाडी, मांग गारुडी, भामटे, कंजारभाट, बेरड अशा कितीतरी जमाती आल्या. रामोशी-बेरडांची गंमत अशी, की यांच्यातल्या कितीतरी घरांकडे पिढ्यानपिढ्या गावची राखण होती. चोरी झाली तर माग काढून द्यायचा, नाहीतर भरपाई द्यायची. गावाने ज्याच्या भरवशावर झोपायचं तो राखणदार नव्या राजवटीत संशयित ठरला, आणि त्यालाच पाटलाकडे जाऊन सांगावं लागू लागलं, की मी आज रात्री घरीच आहे. याला हजेरी म्हणत. शाळेतल्या हजेरीने आपलं असणं नोंदलं जातं. या हजेरीने आपण चोरी करायला गेलेलो नाही, हे नोंदलं जाई.

सोलापुरात याचं पुढचं रूप उभं राहिलं. तारेच्या कुंपणाआड वस्ती वसवून भटक्यांना तिथे आणून ठेवायचं आणि कामाला लावायचं. या वस्तीला सगळे सेटलमेंट म्हणत. गिरण्यांना माणसं हवीच होती. सेटलमेंटचा माणूस पाळीला गिरणीत जाई, पाळी संपली की कुंपणात परत. आत हजेरी, बाहेर पडायला पास. इलाख्यातल्या अशा वस्त्यांवर स्टार्ट नावाचे आयसीएस अधिकारी होते. ते दुष्ट नव्हते, हे नमूद केलं पाहिजे. शाळा काढाव्यात, धंदे शिकवावेत, माणसं सुधारावीत अशी त्यांची खरीखुरी धडपड होती. १९२८ साली त्यांच्याच अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर जी समिती बसली, तिच्यात डॉ. आंबेडकरही सभासद होते. पण भल्या माणसाने चालवलं तरी कुंपण ते कुंपणच. उलट मला वाटतं, पाळत टिकते ती अशाच भल्या हेतूंच्या जोरावर. नुसत्या जुलमाला लोक कंटाळतात. सुधारणेला कोण नाही म्हणणार?

आणि बाकीचा समाज? त्याला यात वावगं काही दिसलं नाही. पुण्या-मुंबईच्या पांढरपेशांना पाळत कळत नव्हती असंही नाही. १९१४ साली टिळक मंडालेहून सुटून आले, तेव्हा गायकवाडवाड्यावर पोलिसांची नजर बसली, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं टिपली जाऊ लागली आणि त्याचा संताप सगळ्यांना आला. तारा अडवायला १८८५चा कायदा होता, टपाल अडवायला १८९८चा. सभांतली भाषणं उतरवून घेणारे गुप्त पोलीस तर सभेचाच भाग झाले होते. पुढे मुंबई सरकारने १९५७पासून हेच पोलिसी अहवाल स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधनं म्हणून खंडांच्या रूपाने छापले. आज टिळकांवर लिहिणारा प्रत्येक जण त्या पाळतीचा ऋणी आहे. पारध्यांवरच्या पाळतीचे असे खंड निघाले नाहीत. तो इतिहास वाचकांपर्यंत पोचला तो पुढे, लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’तून, लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’तून, म्हणजे ज्यांच्या घरांवर थाप पडत होती त्यांच्याच तोंडून.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. भटक्या-विमुक्तांमध्ये हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश सुटल्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी ही माणसं सुटली. पण त्याच सुमारास राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांचे कायदे होऊ लागले. मुंबई राज्याचा १९५९ साली झाला. जमातीऐवजी आता व्यक्तीचं नाव, एवढा बदल. तो लहान नाही. तरी रजिस्टर, ठसे, राहण्याचं ठिकाण कळवणं हे सगळं नव्या कायद्यांत होतंच, आणि ठाण्यातली ‘रेकॉर्डवरची’ घरं रातोरात बदलली नाहीत. सोलापुरातल्या त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

म्हणून खडक सिंग सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला तेव्हा तो कोणत्याही जमातीच्या वतीने बोलत नसला, तरी त्याच्या कागदाचे रकाने त्याच वहीतून आले होते.

निकाल लागला १८ डिसेंबर १९६२ रोजी. खंडपीठात सहा न्यायाधीश. सरन्यायाधीश सिन्हांसह चौघांचं एकमत झालं. निकाल राजगोपाल अय्यंगार यांनी लिहिला. या चौघांत आपले जनार्दन रघुनाथ मुधोळकर होते, अमरावतीच्या रावबहादूर मुधोळकरांचे चिरंजीव. चौघांनी रात्रीच्या भेटींचं ते एक पोटकलम घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं. माणसाचं घर आणि त्याची झोप ही त्याच्या वैयक्तिक स्वातंत्र्यात येते. आणि ही नियमावली तर कायदाही नव्हे, खात्याच्या अंतर्गत सूचना. हे झालं (ब)चं. बाकीची पाचही पोटकलमं तशीच राहिली. गुपचूप पहारा? माणसाला ठाऊकच नसेल तर त्याच्या फिरण्याला अडथळा कसला? चौकशा, चिठ्ठ्या? त्याने मनाला लागेल फार तर. खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत दिलेला नाही, असं वाक्य या निकालात आलं आणि पुढची पंचावन्न वर्षं सरकारी वकिलांच्या बॅगेत राहिलं.

दोघांचं पटलं नाही. सुब्बा राव यांनी वेगळा निकाल लिहिला, शहा यांनी त्याला साथ दिली. त्यांचं म्हणणं अगदी घरगुती समजुतीचं होतं. आपल्यावर कोणीतरी डोळा ठेवून आहे हे ज्याला माहीत आहे, तो रस्त्याने चालतो खरा, पण मोकळा चालत नाही. पायात बेडी नसली तरी मनात असते. म्हणून २३६वा नियम अख्खाच गेला पाहिजे. हे शहा म्हणजे तेच जे. सी. शहा, ज्यांच्या आयोगाने पुढे आणीबाणीतल्या अत्याचारांचा पाढा वाचला.

इथे एका शब्दापाशी थांबतो. आपल्याकडे ‘खासगी’ हा शब्द जुना आहे, पण तो राजेरजवाड्यांचा. मराठी राज्यांत खासगी म्हणजे धन्याच्या घरचा स्वतंत्र कारभार. होळकरांची खासगी तर प्रसिद्धच. दौलत वेगळी, खासगी वेगळी. रयतेला खासगी असते, हा विचारच त्या शब्दात नव्हता. चाळीत, वाड्यात, एका खोलीत आठ जण वाढलेल्या आपल्या लोकांना ‘यात लपवण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न इतका सहज सुचतो, त्याचं मूळ कदाचित इथेही असेल. पण एका खोलीत आठ जण राहिले तरी त्या खोलीला दार असतं आणि ते आतून लागतं.

पुढचा अर्जदार मध्य प्रदेशचा, गोविंद. तक्रार तीच, नियमांचे आकडे तेवढे वेगळे. मार्च १९७५ मध्ये न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लिहिलेल्या निकालात खासगीपणाचा हक्क असू शकतो हे धरून चाललं गेलं. हे नियम घटनाबाह्यतेच्या काठावर आहेत, त्यांचा फेरविचार करा, अशी तंबीही दिली गेली. आणि गोविंद हरला. कारण उत्तर प्रदेशच्या नियमांना कायद्याचा आधार नव्हता, मध्य प्रदेशच्या नियमांना पोलीस कायद्याचा होता. म्हणजे रात्रीची तीच थाप कायद्याच्या कागदात गुंडाळून आली की चालते. तीन महिन्यांनी आणीबाणी आली.

त्यानंतर एक मजेशीर वळण आलं. पाळत आता राज्यकर्त्यांच्याच घरी पोचली. १९८८ साली कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात पायउतार व्हावं लागलं. मार्च १९९१ मध्ये दिल्लीत राजीव गांधींच्या १०, जनपथ या बंगल्याबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन साधे शिपाई घोटाळताना सापडले. त्यावरून काँग्रेसने रान उठवलं आणि चंद्रशेखर यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. दोन शिपायांच्या घुटमळण्याने देशाचं सरकार गेलं! खडक सिंगच्या दाराशी वर्षानुवर्षं शिपाई येत होते, त्याने एका फौजदाराचीही बदली झाल्याचं निकालात दिसत नाही.

राजकारण्यांचे फोन ऐकले जातात असा बोभाटा झाल्यावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना न्यायालयात गेली. निकाल लागला १८ डिसेंबर १९९६ला. खडक सिंगच्या निकालाला त्या दिवशी बरोबर चौतीस वर्षं झाली होती. फोनवरचं बोलणं खासगीपणात येतं, ते ऐकायचं तर गृहसचिवाचा लेखी हुकूम हवा, हुकमाला मुदत हवी, वर फेरतपासणी समिती हवी. पण त्या समितीतही सरकारी सचिवच. न्यायाधीशाची आधी परवानगी घ्यावी, ही मागणी न्यायालयाने मानली नाही.

मग ठशांची गोष्ट पुन्हा आली, आणि या वेळी महाराष्ट्रातून. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. दहा बोटं, दोन बुबुळं. शंभर वर्षांपूर्वी सरकारने अशाच वस्त्यांतून ठसे घेतले ते संशयाने. आता घेतले ते रेशन आणि अनुदान नीट पोचावं म्हणून. इथेही भला हेतू होता आणि तो खोटा नव्हता. २०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारला आव्हान दिलं. २०१५ मध्ये सरकारच्या वतीने महान्यायवाद्यांनी बॅगेतून ते जुनं वाक्य काढलं : खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, बघा, खडक सिंग.

हा गुंता सोडवायला नऊ न्यायाधीश बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊही जणांनी एकमुखाने सांगितलं, की हक्क आहे. खडक सिंगच्या निकालातलं ते वाक्य रद्द झालं आणि सुब्बा राव पंचावन्न वर्षांनी बरोबर ठरले. या नवांत नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूड होते. चंद्रचूडांनी त्याच निकालात आणखी एक जुना निकाल मोडीत काढला : १९७६चा, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही असं सांगणारा. तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी वर्तमानपत्रांनी बापलेकांची ही बातमी चवीने छापली आणि ती होतीही तशीच. पण सगळ्या गदारोळात हा खडक सिंग कोण, असं विचारणारे थोडेच निघाले. पुढच्या वर्षी आधार योजना बहुतांशी वैध ठरली, हे वेगळं सांगायला नको.

हिस्ट्रीशीट मात्र ठाण्यात आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका आमदाराने आपल्या हिस्ट्रीशीटबद्दल केलेल्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या कागदावर त्याच्या अल्पवयीन मुलांचा तपशील घातलेला होता. पोलिसांनी आपला हुकूम सुधारला. यापुढे कारण असल्याशिवाय लहान मुलांची माहिती तिथे येणार नाही. न्यायालयाने एवढ्यावर न थांबता, कोणी मागितलं नसताना, बाकीच्या राज्यांनाही आपापल्या पद्धती तपासायला सांगितल्या. कारण मागास, भटक्या आणि विमुक्त जमातींच्या निरपराध माणसांची नावं केवळ समजुतीवरून या कागदांवर चढवली जातात, असं त्यांच्या कानांवर आलं होतं.